डाव्या हाताला बसणारी

सोमवार, ६ जानेवारी

ही डायरी मला बक्षीस मिळाली. कारखान्यात वर्षभरात सगळ्यात जास्त कॉलरी लावणारी म्हणून माझा फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लावला आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ही जाड पुठ्ठ्याची वही हातात ठेवली. खरं सांगते, मला वाटलं होतं पंखा तरी देतील. घरी आणल्यावर लेक म्हणाली, आई, रोज थोडं लिहीत जा, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून लिहिते आहे.

शर्टाच्या गळ्याला कॉलर जोडणं हे आमच्या लाइनीतलं सगळ्यात किचकट काम. टोक सूतभर सरकलं तरी शर्ट परत येतो. अकरा वर्षं मी तेच करते. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. दोन खोल्या, अकरावीतली लेक आणि विधवा मोठी जाऊबाई, एवढा संसार मी हिमतीवर ओढते. आमच्या गल्लीत उठता-बसता लोक नशिबाला बोल लावतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. आठ वाजेपर्यंत लोळत पडायचं आणि गरिबीच्या नावानं गळा काढायचा. घाम गाळला की माणूस वर येतोच. मी येऊन दाखवणार आहे.

जाऊबाई माझ्याच लाइनीत, माझ्या डाव्या हाताला बसतात. शिवलेली कॉलर उलटवायची, टोकं काढायची, मधोमध खडूची खूण करायची आणि माझ्याकडे सरकवायची, एवढंच त्यांचं काम. तर बाई एका खुणेच्या जागी तीन खुणा करत बसतात. कुणी सांगितलंय? सुपरवायझर बाई रोज त्यांना हळूबाई म्हणतात आणि मान मात्र माझी खाली जाते.

गुरुवार, ९ जानेवारी

आज मोठ्या साहेबांनी मशिनी थांबवून भाषण केलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की या बाईला जे जमतं ते प्रत्येकीला जमू शकतं, फक्त इच्छा पाहिजे. मला बरं वाटलं. मग एका तरुण माणसाला पुढे केलं. गळ्यात घड्याळ, हातात पाटीसारखा फळा, त्यावर कागद लावलेला. तो प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते मोजणार आहे आणि सुरुवात माझ्यापासून करणार आहे. सगळ्या जणी त्याला लगेच घड्याळवाला म्हणायला लागल्या.

सुट्टीत दोरे कापणाऱ्या मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या की मोजायच्या दिवशी जरा हात आखडता घे. मी सरळ विचारलं, का म्हणून? त्या उठून गेल्या. जळतात, दुसरं काय. स्वतः आयुष्यभर कात्री चालवत बसल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

मोजणी झाली. अठ्ठेचाळीस सेकंद.

सकाळी बसस्टॉपवर जाऊबाईंनीही तेच पालुपद लावलं, आज जरा दमानं घे. मी तिथेच फटकारलं, तुम्हाला जमत नाही म्हणून मी का मागे राहू? लोक बघायला लागले तेव्हा गप्प बसले. माझा डबा त्यांच्या पिशवीत होता तो त्यांनी नीट उभा केला.

घड्याळवाल्यानं एका दांडीला फोन लावून फक्त माझे हात टिपले. वीस कॉलरी लागोपाठ लावल्या. एकदाही थांबले नाही, एकदाही शोधायला लागलं नाही. डावा हात नेला की कॉलर तिथेच, जशी पाहिजे तशी पालथी. असं वाटत होतं की हात माझे नाहीतच, वारा आहे नुसता. घड्याळवाल्यानं मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाला, ताई, कमाल आहे. आजवर कारखान्यात एका कॉलरीला साठ सेकंद धरत होते.

उठून बघते तर जाऊबाईंची पाठ घामानं भिजलेली. त्यांना कशाला घाम फुटला कोण जाणे. त्यांना थोडंच कुणी मोजत होतं.

सोमवार, २७ जानेवारी

नवीन टार्गेट भिंतीवरच्या फळ्यावर लागलं. आधी तासाला साठ शर्ट होते, आता पंचाहत्तर. सगळ्या लाइनीला. अठ्ठेचाळीस सेकंदांचा हिशेब.

मला काही वाटलं नाही, मी तेवढे करतेच. पण मला वाटलं होतं की हे माझ्यामुळे झालं तर मला वरची जागा देतील. सुपरवायझर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, विचार चालू आहे. सुट्टीत मी बाकावर बसले तर त्या बाकावरच्या तिघी उठल्या. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. मी एकटीनं डबा खाल्ला आणि मनात म्हटलं, उठा, माझं काय जातंय.

पण डबा अर्धाच खाल्ला, हेही लिहून ठेवते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जाऊबाईंमुळे लाइन अडते. आज तिसऱ्यांदा लेखी ताकीद मिळाली. मी घरी बसवून समजावलं की त्या जास्तीच्या दोन खुणा सोडा, एक खूण करा, सुटाल. त्या म्हणाल्या, बघते. आज परत तीनच खुणा. माणसानं किती हट्टी असावं.

हल्ली त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं तर उठावं लागतं. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असते. सकाळी त्यांच्या हातातून कप निसटून फुटला आणि मी ओरडले. लेक माझ्याकडे अशी काही बघत राहिली की जणू कप मीच फोडला. मग तिनं काकूचा हात मांडीवर घेऊन तेल चोळून दिलं. माझे हात कधी कुणी चोळले नाहीत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जाऊबाईंना काढलं.

दुपारी सुपरवायझर बाई आल्या, त्यांच्या पुढ्यातला गठ्ठा उचलला आणि म्हणाल्या की ऑफिसात जाऊन सही करा. पंधरा वर्षं झाली त्यांना इथे. मी यायच्या चार वर्षं आधीपासून. मलाही त्यांनीच लावलं होतं. जाऊबाईंनी खडू पुसला, कागदात गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

मी मशीनच्या पायपट्टीवरून पाय काढला नाही. त्या तासाचे एकाहत्तर झाले होते आणि चार बाकी होते. हे मी कुणाला सांगणार नाही, पण इथे खोटं लिहून काय उपयोग. मी चार कॉलरी लावल्या आणि मग मान वर केली. तोवर त्या गेल्या होत्या.

घरी गेले तर स्वयंपाक तयार होता. मला वाढताना त्या म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. माझे हातच गेले आता." मला रडू यायच्या ऐवजी राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मीठ कमी आहे म्हणून त्यांनाच बोलले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मशीन बिघडलंय. दुसरं काही असूच शकत नाही. गेले आठ दिवस माझे तासाला अठ्ठावन्नच्या वर जात नाहीत. जाऊबाईंच्या जागी आलेली पोरगी चपळ आहे, सटासट कॉलरी सरकवते, ढीगच्या ढीग. तरी माझा हात सारखा अडतो. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सुई बदलली, तेल घातलं, स्वतः टाके मारून पाहिले आणि म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, बाई. जसं काही मलाच झालंय.

सुपरवायझर बाईंनी आज मला हळूबाई म्हटलं. मोठ्यानं नाही, पण म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

परत आलेल्या मालाच्या खणात उलटवलेल्या कॉलरींचा एक जुना गठ्ठा सापडला. चिंधीची गाठ बघूनच ओळखलं, जाऊबाईंचा. सुपरवायझर बाईंनी तो मला लावायला दिला. गठ्ठा सोडला. सगळ्या कॉलरी एका बाजूनं पालथ्या. प्रत्येकीवर खडूच्या तीन खुणा, एक मधोमध आणि दोन खांद्यांच्या शिवणी जिथे येतात तिथे. मी कॉलर गळ्याला लावली. तिन्ही खुणा शिवणींवर जाऊन बसल्या. थांबून मापायला लागलं नाही, ताणून बघायला लागलं नाही. दहा कॉलरी पाण्यासारख्या गेल्या. हात परत वारा झाला. अकराव्या कॉलरीला गठ्ठा संपला आणि पोरीचा ढीग आला, आणि मी परत तीच, अठ्ठावन्नवाली.

म्हणजे अकरा वर्षं मी ज्याला माझा वेग म्हणत होते त्यातला बराचसा त्यांच्या खडूचा होता. त्या हळू होत्या कारण माझा थांबण्याचा वेळ त्या स्वतःवर घेत होत्या. आणि ही गोष्ट त्यांनी मला एकदाही ऐकवली नाही. मी बसस्टॉपवर चारचौघांत त्यांना फटकारलं तेव्हासुद्धा नाही.

सुट्टीत जेवले नाही. घड्याळवाल्याच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "तुम्ही मला मोजलंत. माझ्या जाऊबाईंना का नाही मोजलं?"

त्यानं फळा माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून दाखवलं. "ताई, एका मशीनला एकच रकाना असतो. त्यांच्याकडे मशीनच नव्हतं."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. नव्हता करत.

बुधवार, ५ मार्च

काल घरी गेल्यावर जाऊबाईंना विचारलं की त्या जास्तीच्या खुणा का करत होतात. त्या मोरीशी बसून भांडी घासत होत्या, अंगठ्याला प्लॅस्टिक बांधून. म्हणाल्या की तू नवीन लागलीस तेव्हा कॉलर तिरकी जायची, रोज बोलणी खायचीस, लेक तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. म्हणून खुणा करायला लागले. मग सवय पडली.

मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं. घासायला बसले तर कळलं, त्यांची राखेची वाटी कुठे असते हेसुद्धा मला माहीत नाही. कामावर जाता-येता मी त्यांना बघत होते, पण पाचला उठून पाणी भरताना, डबे भरताना कधी बघितलंच नव्हतं. मी सहाला उठते. मी उठते तेव्हा सगळं झालेलं असतं.

सोमवार, १७ मार्च

माझा फोटो भिंतीवरून काढला. तिथे आता आग लागल्यावर कुठल्या दारानं पळायचं त्याचा नकाशा आहे.

आज माल घेणाऱ्या कंपनीची बाई आली होती, लांबच्या देशातून. माझ्या वयाची असेल. चांगली होती बोलायला, सोबत दुभाषा होता. माझ्या मशीनशी थांबली, कॉलरीवरून बोट फिरवलं आणि अभिमानानं सांगितलं की तिची आजीही अशाच कारखान्यात कॉलर लावायची. आजीनं अपार कष्ट केले म्हणून आज नात इथवर पोचली. तुम्हीही पोचाल, म्हणाली. मी दुभाष्याला म्हटलं, यांना विचारा, तो आजीचा कारखाना आता कुठे आहे? बाई हसली आणि हातानं आमचा सगळा हॉल दाखवला. इथेच आला की, असं.

ती गेल्यावर माझे कान तापले ते संध्याकाळपर्यंत. माझ्याही आजीनं कष्ट केले. रस्त्यासाठी खडी फोडली तिनं, मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. आईनं दुसऱ्यांची धुणी धुतली, हाताची कातडी सोलून निघेपर्यंत. कुठे कमी पडल्या त्या? कोणत्या सकाळी लोळत पडल्या? हिच्या आजीचे कष्ट नातीपर्यंत पोचले. माझ्या आजीचे कोणाच्या नातीपर्यंत पोचले? तिनं फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून कोण कुठे गेलं? कष्ट तर वाया जात नाहीत ना, ते कुठेतरी जमा होतात. मग ते सगळे उताराच्या पाण्यासारखे एकाच बाजूला का वाहतात?

आणि मी मूर्ख, गल्लीतल्या लोकांना आळशी म्हणत होते. पहाटे त्या गल्लीत दिवे कुणाचे लागलेले असतात ते मला काय ठाऊक. मी तर सहाला उठणारी.

सोमवार, ३१ मार्च

घड्याळवाल्यानं जाता जाता सांगितलं की परवा परत मोजणी आहे. दुसऱ्या देशात एक कारखाना आहे, तिथे कॉलर चव्वेचाळीस सेकंदांत लागते आणि मजुरी आमच्यापेक्षाही कमी. आम्ही तिथवर आलो नाही तर पुढच्या हंगामाचं काम तिकडे जाईल. त्या बायका इतक्या जलद कशा, म्हणून मी विचारलं.

तो म्हणाला, "तुमचा व्हिडिओ दाखवला त्यांना. तुमच्या हातांवरून शिकल्या."

 माझे हात मला न सांगता एवढा प्रवास करून आले. तिथे कुणीतरी साहेब उभा राहून म्हणाला असेल की हिला जमतं तर तुम्हाला का नाही, फक्त इच्छा पाहिजे. आणि आता तिथल्या बाईचे हात दाखवून मला तेच सांगतात. असं करत करत आम्ही एकमेकींना कुठवर पळवणार आहोत?

मंगळवार, १ एप्रिल

आज सुट्टीत मी बाकाबाकाशी गेले. आधी दोरे कापणाऱ्या मावशींकडे. त्यांना म्हटलं की तुमचं ऐकायला पाहिजे होतं. मग त्या तिघींकडे, ज्या उठून गेल्या होत्या. माफी मागायची सवय नाही मला, शब्द कोरडे पडत होते. एक जण फाडकन म्हणाली, "तुझ्या पंचाहत्तरांपायी माझा गर्भ पडला. उठू देत नव्हते." मी तिच्याजवळ खाली बसले. मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं.

 मग मावशीच म्हणाल्या, आता रडून काय करता, उद्याचं बोला. उद्याचं बोललो. कुणी आळस करायचा नाही, काम बिघडवायचं नाही. पाठ ताठ ठेवायची, तहान लागली की पाणी प्यायचं, प्रत्येक टोक नीट बघायचं. शरीराला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायचा. बस.

बुधवार, २ एप्रिल

त्रेसष्ट सेकंद.

परत मोजलं. त्रेसष्ट. मग चौसष्ट. मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले, तरी त्रेसष्ट. मी हळू केलं नाही. मी फक्त घाई केली नाही. यातला फरक मला अकरा वर्षांत आज कळला. मध्ये उठून पाणी प्यायले. अख्ख्या हॉलमध्ये मशिनींचा आवाज असा येत होता की जणू माणसं काम करताहेत.

साहेब गेल्यावर घड्याळवाला माझ्याजवळ वाकला आणि म्हणाला, "ताई, मला माहीत आहे, तुम्ही याहून जलद करता."

"मी एकटी कधीच करत नव्हते," मी म्हटलं. "डाव्या हाताला बसणारीला पण धरा, मग मोजा. एका कॉलरीला दोन बायका. होऊ दे तुमचा हिशेब."

तो फळ्याकडे बघत राहिला. मला वाटलं खोडणार. त्यानं त्रेसष्ट लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या मशीनकडे गेला. पुढच्या मशीनचेही सेकंद वाढले. तिच्या पुढचीचेही.

शुक्रवार, ११ एप्रिल

टार्गेट परत साठवर आलं. 'तूर्तास' असं लिहिलंय फळ्यावर. पुढचा हंगाम तिकडे जाणार की नाही कुणी सांगत नाही. जाईलच बहुधा. मला कॉलरीवरून काढून दोरे कापायला बसवलं, पगारही त्या कामाचा. जाऊबाईंना परत घ्या म्हणून लाइनीतल्या सगळ्यांनी सही करून अर्ज दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं की त्यांच्या नावाची जागाच नाही. पंधरा वर्षं त्या कुठे बसत होत्या मग?

मी हा अर्ज परत देणार आहे. परत नाही म्हणाले तर परत.

रविवार, १३ एप्रिल

काल घड्याळवाला दोरे कापायच्या टेबलाशी आला होता. मी त्याला म्हटलं की माझे हात तुम्ही जगाला दाखवलेत, तर ती चव्वेचाळीसवाली मला दाखवा. त्यानं इकडे-तिकडे बघितलं आणि तिचा व्हिडिओ लेकीच्या फोनवर पाठवला.

आज सकाळी आम्ही तिघींनी उंबऱ्याशी, उजेडात बसून तो बघितला. सावळे, बारीक हात. नखं खाल्लेली. माझ्यापेक्षा जलद, खरंच जलद. लेक म्हणाली, बापरे. मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिची मनगटं थरथरत होती.

जाऊबाईंनी परत लावायला सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की त्या हातांकडे बघतच नव्हत्या. चित्राच्या अगदी डाव्या कडेला, दर वेळी क्षणभर, दोन बोटं आत येत होती आणि कॉलर ठेवून बाहेर जात होती.

"ही बघ," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा अंगठा त्या बोटांच्या शेजारी, काचेवर ठेवला. "हिला कुणी पाणी प्यायला उठू देत नसेल."

लेकीनं व्हिडिओ थांबवला. आम्ही त्या दोन बोटांकडे बघत बसलो. मी लेकीला विचारलं की तो कारखाना कुठे आहे ते शोधता येईल का, आणि तिथल्या बायकांना काही कळवायचं असेल तर कोणत्या भाषेत लिहावं लागेल. ती म्हणाली, शोधते. जाऊबाईंनी तिला जवळ सरकायला जागा करून दिली.